जित्या माणसाचा बॅनर

माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा तीळ डाव्या भुवईखाली आहे की उजव्या, हे मला आरशात बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याचा चेहरा मात्र पाठ आहे. उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित बारीक, हसला की वरचा ओठ एकाच बाजूने वर जातो, कानाच्या पाळ्या चिकटलेल्या. तीसेक वर्षं मी ते तोंड आधी ब्रशने रंगवलं, मग कात्रीने कापलं, मग कॉम्प्युटरवर गोरं केलं. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड, हायवेच्या कडेने जिथे म्हणून तो हात जोडून उभा होता, तिथे बॅनरवर त्याला मीच उभा केलेला. आता कंटाळा आलाय, खरं सांगतो. डोळे चुरचुरतात, मान धरते, आणि रोज नवीन नवीन चेहरे येतात ज्यांच्याशी माझं काही घेणंदेणं नाही.

आमची ओळख चाळीतली. दोघांचेही बाप कोकणातले, दोघेही गिरणीतले, आणि गिरणी बंद पडल्यावर दोघेही एकाच ओट्यावर बसून बिड्या ओढायचे. मला हात होता, मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. त्याला तोंड होतं. नळाला पाणी येत नाही म्हणून त्याने चाळीतल्या बायकांना हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसात नेलं आणि तिथल्या जिन्यात बसवून आरत्या म्हणायला लावल्या. अधिकारी बाहेर येईपर्यंत आरत्या. दोन दिवसांनी नळ आला. त्यानंतर कुणाचं काहीही अडलं की लोक त्यालाच हाक मारायला लागले. पहिल्या निवडणुकीला त्याच्या नावाच्या भिंती मी रंगवल्या आणि शिडी त्याने धरली. उमेदवार खाली शिडी धरून उभा, आणि मी वरून खेकसतोय की नीट धर रे, पाडशील. तो म्हणाला, पडलास तर शोकसभा घेईन, भाषण तयार आहे.

पेपरवाल्यांनी त्याचं राजकारण भाषणांवरून मोजलं असेल, मी ते इंचांवरून मोजलं. बॅनरच्या तळाला पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची जी रांग असते, तिच्यात तो सुरुवातीला डावीकडून सातवा होता. नगरसेवक झाला आणि वरच्या रांगेत गेला. आमदार झाला आणि कमरेपर्यंत दिसायला लागला. राज्यात मंत्री झाला तेव्हा चपलांसकट अख्खा उभा, आणि खालच्या रांगेत कोण कुणाच्या शेजारी यावरून माझ्या दुकानात हाणामारी व्हायची वेळ. या धंद्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक असतात. खालच्याचं डोकं वरच्याच्या खांद्याच्या वर जाता कामा नये. एकदा तर एक वॉर्ड अध्यक्ष खिशातून शाळेची पट्टी काढून माझ्या स्क्रीनवर लावून बसला होता, त्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी भरला म्हणून. वय पन्नाशीच्या पुढे, घरी जावई आलेला. मी म्हटलं, भाऊ, चहा घ्या.

मधे त्याने पक्ष बदलला. सकाळी अकराला फोन आला, वरचे तीन चेहरे काढ आणि हे दोन घाल. मी विचारलं, रंग? म्हणाला, रंगपण. एवढंच बोलणं झालं. मला राग आला होता, ज्या तीन चेहऱ्यांना आम्ही इतकी वर्षं डोक्यावर बसवलं ते एका फोनवर पुसायचे म्हणजे काय. पण पुसले. त्याने कुणाकडे माफी मागितली नाही, आणि गंमत अशी की लोकांनीही त्याला ती मागायला लावली नाही. कारण बाकीचा तो होता तसाच होता. कुणाच्याही घरात शिरला की म्हातारीचा गुडघा कसा आहे विचारणार, कुठला गुडघा तेही लक्षात. मयताला सगळ्यांत आधी हजर. एक निवडणूक हरला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडून बसला होता, आणि बाहेर रांग तशीच होती. नाही म्हणायची मात्र त्याला सवय नव्हती. ज्याला त्याला हो म्हणायचा, आणि त्यातलं निम्मं कधीच व्हायचं नाही. तरी लोक परत यायचे.

लोकांसमोर मी त्याला साहेब म्हणायचो. दोघंच असलो की तू. हे आमचं ठरलेलं नव्हतं, आपोआप झालं.

आणि एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याचा फोटो असलेला कुठलाही बॅनर, कुणीही करायला सांगितलेला असो, छापायच्या आधी मी त्याला दाखवायचो. आधी कागदावर काढून घेऊन जायचो, नंतर मोबाइलवर पाठवायला लागलो. त्याचं उत्तर यायचं, ‘चालेल’. मग छपाई. मंत्री असताना अधिवेशनात बसलेला असला तरी दहा मिनिटांत ‘चालेल’. कार्यकर्त्यांना मी ऐकवायचो, साहेबांनी बघितल्याशिवाय माझ्याकडून काही बाहेर जात नाही. मला त्याचा माज होता म्हणा ना. इतके पक्ष, इतकी माणसं येऊन गेली, पण त्याच्या आणि माझ्यामध्ये तो एक शब्द रोज चालू होता.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. आधी साधा खोकला, मग न्यूमोनिया, मग मुलुंडच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग, नाकातोंडात नळ्या. निवडणूक चार महिन्यांवर आलेली. मी पहिल्या दिवशी गेलो तर खाली एवढी गर्दी की लिफ्टपर्यंत पोचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याचा पुतण्या खाली आला, म्हणाला काका, कुणालाच सोडत नाहीयेत, तुम्ही कशाला त्रास घेता, काही असलं तर मी स्वतः कळवीन. त्याला मूलबाळ नाही. हा पुतण्याच घरात वाढलेला, त्याच्या मागे बॅग घेऊन फिरलेला, आणि आता सगळा कारभार ह्याच्याच हातात. चांगलं बोलतो, पाया पडतो. मी परत आलो.

गुरुवारी दुपारी पुतण्या दुकानात आला. एकटाच. डोळे सुजलेले होते, ते मी बघितलं, खोटं कशाला बोलू. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, काका, डॉक्टर म्हणतात आजची संध्याकाळ निघाली तर निघाली. आपण तयारी ठेवायला पाहिजे.

तयारी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे नेता गेला की तासाभरात नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागावा लागतो. आणि पहिला बॅनर ज्याचा, त्याच्याकडे लोक वारस म्हणून बघायला लागतात. शोक खरा असतो, नाही असं नाही, पण बॅनरवर शोकाकुल म्हणून कोण आणि केवढा आहे, हे आधी बघतात. म्हणून ज्याला पुढे यायचंय तो आधीच करून ठेवतो. मी स्वतः असे चार-पाच केलेत. एका म्हाताऱ्या नेत्याचा तर केलेला बॅनर तीन वर्षं माझ्या माळ्यावर गुंडाळून पडला होता, आणि तो मधे मधे दुकानात येऊन चहा पिऊन जायचा.

पुतण्याला खाली रांग नको होती. फक्त दोन माणसं, वर साहेब, खाली तो. आणि त्याचा फोटो चांगला मोठा. मी एकदाच म्हटलं, मोठा दिसेल रे. तो म्हणाला, काका, आता सगळं मलाच बघायचंय ना. बरोबर होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि बसलो.

फोटो शोधण्यातच तास गेला. हात जोडलेले चारशे फोटो माझ्याकडे असतील, एकही नको वाटला. शेवटी मनोरीचा घेतला. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका रविवारी कुणाला न सांगता मार्व्याहून बोटीने पलीकडे गेलो होतो, तळलेले बोंबील खाल्ले, आणि मी त्याचा फोटो काढला होता. केस विस्कटलेले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, नेता अजिबात वाटत नाही. तो कापून घेतला. मागे निळसर पांढरा रंग दिला. हार घालताना हात थांबला माझा, पण घातला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची अक्षरं फॉन्टमधून न घेता हाताने काढली, कित्येक वर्षांनी ब्रश धरला. मला रडू येत होतं. आणि त्याच वेळी, आता लपवून काय करायचंय, काम फक्कड झालंय याचा आनंदही होत होता. माझ्या हातून त्याचा इतका चांगला बॅनर कधी झाला नव्हता. मग मी तो प्रूफ बघायला पाठवून दिला आणि घरी गेलो.

संध्याकाळी पुतण्याचा फोन, काका, प्रूफ कुठाय? म्हटलं, कधीच पाठवलाय. म्हणाला, नाही आला. मी मोबाइल उघडून बघितला. सवयीने बोट गेलं होतं ते त्याच्याच नावावर. ज्याला गेली तीस वर्षं पाठवतोय, त्यालाच पाठवला होता. त्याचा स्वतःचा श्रद्धांजलीचा बॅनर, हारासकट, त्याच्याच मोबाइलवर, मंजुरीसाठी.

बायकोला सांगितलं. ती मालवणकडची, सरळ बोलते. म्हणाली, “जित्या माणसाक हार घातलात तुमी?” मी म्हटलं, सगळेच करतात. ती म्हणाली, सगळे करतात ते करू देत, तुम्ही सगळे आहात काय. मग जेवायला वाढलं आणि रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

पुसून टाकावा असं मनात आलं. पण पुसला तरी तिथे पुसल्याची खूण राहते, आणि मग काय पुसलं म्हणून विचारणं आलं. आणि दुसरं असं की तो आता थोडाच बघणार आहे, हेही मनात होतंच. मेल्या माणसाचा मोबाइल कोण उघडतंय. राहू दे म्हटलं. पुतण्याला वेगळा पाठवला, त्याला आवडला, बॅनर छापून दुकानात तयार ठेवला.

शुक्रवारी बातमी आली, प्रकृती स्थिर. शनिवारी सुधारणा. लोकांनी नाक्यावर फटाके वाजवले आणि मी दुकानात बसून मोबाइलवरच्या त्या दोन करड्या खुणांकडे बघत होतो. देवा, तो वाचू दे म्हणत होतो, आणि वाचला तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही हेही समजत होतं. रविवारी सकाळी खुणा निळ्या झाल्या. पाठोपाठ उत्तर आलं.

‘चालेल.’

मी दिवसभर काही खाल्लं नाही. हे कुणी लिहिलं? त्याने स्वतः? बघून लिहिलं? बघून ‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी काय असेल? की वहिनीने, त्याच्या बायकोने, बघितलं आणि मला टोमणा मारला? की पुतण्याच्या हातात पडला मोबाइल? फोन करायची हिंमत नव्हती. पाच आठवडे मी तसेच काढले. घरी आणल्याचं कळलं, भेटायला गावभर लोक जाऊन आले, मी गेलो नाही. बायको म्हणायची, जा आणि पाय धरा, संपवा एकदाचं. मी उद्या म्हणायचो. छापलेला बॅनर मात्र फाडून टाकला होता, आणि पुतण्याने तो मागितलाही नाही. तो वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे बॅनर करून घेत राहिला, प्रत्येकात त्याचा चेहरा थोडा थोडा वाढत होता. मी करून देत होतो. एकही प्रूफ मी साहेबाला पाठवला नाही, धीरच होत नव्हता.

मग वहिनीचा फोन आला. भावोजी, ते बोलवतायत, आज दुपारी या.

मुलुंडला त्याच्या घरी पहिल्यांदाच बाहेर चपलांचा ढीग नव्हता. तो सोफ्यावर लुंगी आणि बनियनवर बसला होता, गळ्याची हाडं वर आलेली, दाढी पांढरी. इतकी वर्षं मी त्याचे केस काळे करत आलो होतो, मला तो ओळखूच येईना क्षणभर. मला बघून हसला, ओठ एका बाजूने वर गेला. म्हणाला, गावाहून कधी आलास? गोळ्यांनी गोंधळत असेल असं वाटलं.

वहिनीने चहा दिला आणि ती आत गेली. तो बोलत राहिला. तिकीट पुतण्याला मिळणार, वरून सांगण्यात आलंय, आपली हरकत नाही. आता आपल्याच्याने होत नाही. लोक येतात, अजून काम सांगतात, पुतण्याकडे पाठवतो, ते त्याच्याकडे जात नाहीत, उद्या परत इथेच येतात. दमलोय रे, म्हणाला. मी हं हं करत होतो, पण माझं लक्ष कशातच नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, “तो गुरुवारचा बॅनर. माझी चूक झाली.”

“कुठला बॅनर?”

“मी पाठवला होता. तू चालेल म्हणालास.”

त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. म्हणाला, मोबाइल हातात आला त्या दिवशी शंभर निरोप साठले होते, तुझा दिसला, चालेल लिहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून अगदी सहज म्हणाला, “अरे, तू पाठवलेला बॅनर मी कधी उघडून बघितलाय? तू केलाय म्हणजे बरोबरच असणार.”

मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं झालंही, पण पुढच्याच क्षणाला काहीतरी तुटलं आत. इतक्या वर्षांत एकही नाही. एका बॅनरचा हिरवा रंग मी तीनदा बदलला होता, ते डोळे, ते खांदे, ती भांडणं. त्याने मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं आणि मला त्याचं तोंड फोडावंसं वाटत होतं. मी काही न बोलता निघून आलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण राग आला की माझं डोकं चालत नाही. मी खिशातून मोबाइल काढला, तो बॅनर उघडला आणि त्याच्या पुढे धरला. बघ, म्हटलं. हा तरी बघ.

त्याने टीपॉयवरचा चष्मा शोधून लावला आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. बोटाने मोठं करून स्वतःचा चेहरा बघितला, मग हार, मग खाली पुतण्या. मी मान खाली घालून बसलो होतो. वाटलं, आता शिव्या घालेल, घालू दे.

“मनोरीचा ना हा?” तो म्हणाला. “चांगला आलाय.” मग म्हणाला, “त्याने कधी करायला सांगितला तुला?”

“गुरुवारी. दुपारी दोनच्या सुमाराला आला होता. म्हणाला, डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतचं सांगितलंय.”

त्याने चष्मा काढला. “गुरुवारी सकाळी माझी नळी काढली. शुद्धीवर होतो मी. तो शेजारी बसला होता, रडला बिचारा. मी बोलत होतो त्याच्याशी.” मग मोबाइल माझ्याकडे सरकवला. “तुझ्याकडे मीच पाठवला होता त्याला. म्हटलं, जा आणि त्याला घेऊन ये. संध्याकाळी येऊन म्हणाला, दुकान बंद आहे, काका गावाला गेलेत.”

मी त्याच्याकडे बघितलं. मग आपलं विचारलं, काय काम होतं.

“काम कसलं रे,” तो म्हणाला. “नुसता बसला असतास जरा.”